नवरदेवाचा ब्रश आणि घावनांचा तवा

मी दाढीचे जुने ब्रश दुरुस्त करतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या दाढीकडे बघतो. दाढी छातीपर्यंत आहे. मग तो माझ्या टकलाकडे बघतो आणि म्हणतो, "बरं, बरं." असे "बरं, बरं" ऐकत गेली काही वर्षं माझं पोट चाललंय. टकलाचा मात्र धंद्याला उपयोग आहे. ब्रश तयार झाला की फेस कसा बसतो ते बघायला गाल लागतो. माझे गाल व्यापलेले, म्हणून मी डोक्यावर फेस लावून बघतो. गिऱ्हाईक अचानक दारात आलं तर दोघांचीही पंचाईत होते.

मूळचा मी कातारी, म्हणजे लाकूड लेथवर फिरवून गोल करणारा. मुरबाडच्या एस्टी स्टँडपासून पाच मिनिटांवर माझं पत्र्याचं दुकान, मागे घर. लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब, खाटेचे पाय असलं सगळं केलं. पुढे खाटा लोखंडी झाल्या, पाळणे प्लास्टिकचे झाले. लाटण्यांना मरण नाही, पण लाटणं एकदा घेतलं की सासू तेच सुनेला देते. धंदा बसला आणि मीही दुकानाच्या पायरीवर बसलो.

तसा बसलेला असताना सिद्धगड उतरून आलेला एक शहरी गडी काठी मागायला आला. बोलता बोलता त्याने पाठपिशवीतून दाढीचा ब्रश काढला. मूठ दुभंगलेली. गडावर दाढीचा ब्रश घेऊन जाणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघितला. त्याला फणसाच्या लाकडाची मूठ करून दिली. ती त्याने कुठल्याशा ग्रुपवर टाकली आणि महिन्याभरात माझ्याकडे पार्सलं यायला लागली. तेव्हा कळलं की वाटीत साबण घोळवून, जुन्या पद्धतीने दाढी करणारे शौकीन लोक जगात आहेत, आणि आमच्याकडे बैलांबद्दल बोलतात तितक्या बारकाईने ते ब्रशबद्दल बोलतात.

काम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. ब्रशला दोन अवयव, मूठ आणि केसांची जुडी. जुडी मुठीतल्या भोकात राळेने चिकटवलेली असते. जुना ब्रश आला की केस बहुधा झडलेले असतात. मग ऊन ऊन पाण्यात राळ मऊ करायची, जुडी उपटायची, भोक साफ करायचं, नवी जुडी बसवायची आणि मूठ घासून चकचकीत करायची. किती केस आत ठेवायचे आणि किती बाहेर, यात सगळी विद्या. जास्त बाहेर राहिले तर ब्रश झोपतो, कमी राहिले तर गाल खरवडतो. केस स्वस्तातले डुकराचे, मधले घोड्याचे, आणि भारीतले बॅजर नावाच्या एका परदेशी प्राण्याचे. तो मी पाहिलेला नाही. त्याचे केस पाणी धरून ठेवतात, सोडत नाहीत. चांगल्या केसाची हीच परीक्षा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एकाने तुटलेली क्रिकेटची बॅट पाठवली आणि तिची मूठ करायला सांगितली. वर चिठ्ठी, की बॉल लागल्याचा लाल डाग दिसला पाहिजे. डाग नेमका भोकाच्या जागी येत होता. मी नवा डाग पाडून दिला. आमच्या गल्लीतले एक माळकरी गुरुजी चाळीस वर्षं वापरलेला ब्रश घेऊन आले आणि सहज म्हणाले, "कसले रे केस असतात हे?" ब्रश डुकराचा. गुरुजींच्या गळ्यात तुळशीची माळ. मी म्हटलं, "घोड्याचे." गुरुजी समाधानाने म्हणाले, "वाटलंच. स्वभाव गरीब आहे ब्रशचा." त्यांना नवी जुडी मी घोड्याचीच बसवली, म्हणजे निदान पुढचं तरी खरं झालं.

पण मला सांगायचंय ते शेणव्याच्या आबांबद्दल.

आबा ऐंशीच्या पुढचे, भातशेतीवाले, अंगाने काटकुळे, आणि उजवा हात सतत थरथरणारा. तिकडे शहापूर तालुक्यातून वाट वाकडी करून, मिळाली तर एस्टी नाहीतर जीप, असे ते माघात एका बाजारच्या दिवशी माझ्याकडे आले. धोतराच्या सोग्यातून ब्रश काढला. मूठ म्हशीच्या शिंगाची, चिरलेली. केस म्हणाल तर माझ्या डोक्याला लाज वाटावी इतकेच. आबांचा बाप कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी होता. साहेब विलायतेला परत जाताना त्याला हा ब्रश देऊन गेला.

"आमच्यात हळदीच्या दिवशी नवऱ्याला पैला फेस बापानं लावायचा, ह्या ब्रशानं," आबा म्हणाले. "माझ्या बापानं मला लावला. मी माझ्या दत्ताला लावला. दत्ता नाय आता, जाऊन सात वर्सं झाली. वैशाखात त्याच्या पोराचं लगीन हाय. तर फेस मी लावणार. हात हाय तवर."

मी म्हटलं, "आबा, आठ दिवसांत देतो."

आत जाऊन जुडी उपटली, तर केस अस्सल बॅजरचे, बुडाशी अजून घट्ट. उपटलेल्या जुड्या मी एका डब्यात टाकतो. उगाच. टाकवत नाहीत म्हणून. शिंगाची चीर भरली, मूठ घासली. शिंग घासताना केस जळल्यासारखा वास सुटतो. शेजारी विचारून गेले की घरात सगळं ठीक आहे ना. नवी जुडी माझ्याकडे होती, तीही बॅजरची. आठवा दिवस उजाडायच्या आत ब्रश तयार झाला. टकलावर फेस लावून बघितला. असा फेस मी आयुष्यात केला नव्हता.

आणि सातव्या दिवशी नवरदेव आला.

पंचविशीतला गोरटेला गडी, कल्याणला कुठल्या ऑफिसात नोकरी, पाठीला बॅग. चेहऱ्यावर दाट, काळीभोर, राखलेली दाढी. नाव रोशन. दुकानात आला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "काका, आबांचा ब्रश तुमच्याकडं हाय ना? तो करू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे टाइमपास करा. लगीन होऊ द्या, मग द्या. ब्रश आला की फेस आला, फेस आला की वस्तरा आला. माझी दाढी जाईल काका."

"वाढेल की परत."

"दाढीखाली हनुवटी नाय मला," तो म्हणाला. "बाबांना पण नव्हती. मिशीखाली डायरेक मान. शाळेत मला कासव म्हणायचे. प्रणालीनं दाढी बघून होकार दिलाय. भर मांडवात कासव निघालं तर?" मग माझ्या छातीवरच्या दाढीकडे बघून म्हणाला, "तुमाला दाढी हाय. तुमी तरी समजून घ्या."

इथे मी पाघळलो. दाढीवाल्याला दाढीवाल्याचं दुःख कळतं. माझ्या दाढीखाली काय आहे ते बायकोलासुद्धा आता आठवत नाही. चांगलं काम मुद्दाम बिघडवणं मला जमणार नव्हतं, पण झालेलं काम लपवणं जमलं. ब्रश रुमालात गुंडाळून पटाशांच्या खणात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आबांना सांगितलं, "केसांचं पार्सल अडकलंय."

"कुठं?"

"लांब. विमानतळावर."

आबा गंभीर झाले. "केसांना पण इमान लागतं?" म्हणाले. "बरं. पुढच्या बाजाराला येतो."

आता म्हातारा माणूस इतक्या लांबून आला, खोटं ऐकून उपाशी परत जाणार. मला अन्न गोड लागेना. मी आत हाक मारली, "अगो, आबांना कायतरी खायला कर." आमची सुमन हाताने सढळ. तांदळाचं पीठ भिजवलेलंच होतं, तिने गरम घावनं घातली. आबांना दात चार, घावनं मऊ. त्यांनी एक खाल्लं, दुसरं मागितलं, तिसऱ्याला डोळे मिटून चघळत बसले. जाताना म्हणाले, "सूनबाय, हात चांगला हाय तुझा." तेव्हापासून दर बाजाराला आबा येणार, मी पार्सल एकेक मुक्काम पुढे सरकवणार, आणि सुमन घावनं घालणार. पार्सल विमानतळावरून मुंबईला आलं, मुंबईहून ठाण्याला, ठाण्याहून कल्याणला. कल्याणला मी ते तीन आठवडे रोखून धरलं.

मध्येच एका दुपारी स्कूटीवरून एक मुलगी उतरली. तरतरीत, तोंडावरचा स्कार्फ सोडत म्हणाली, "काका, मी ती शेणव्याची नवरी. म्हणजे होणारी. इथं मुरबाडलाच टायपिंगचे क्लास घेते."

मी म्हटलं, बस.

"नाय बसत. ब्रश लवकर द्या आबांना. मी होकार दिलाय तो दाढीला दिलाय. आत काय हाय ते मला दाखवलंच नाय कुणी. फोटो मागितला तर शाळेतला पाठवतो, त्यात पण तोंडासमोर मेडल धरलंय. हळदीला तरी दिसंल."

"आणि नाही आवडलं तर?"

"आवडंल हो," ती म्हणाली. "पण माहीत तर पायजे. उद्या भांडताना कुणाच्या तोंडाकडं बघून भांडायचं?"

ती गेली. मी खण उघडला, ब्रश बघितला, खण बंद केला. नातू म्हणतो देऊ नका, नातसून म्हणते लवकर द्या, आजोबा बिचारे घावनं खातायत. सुमन सगळं ऐकत होती. म्हणाली, "तुमी ब्रश नाय ठेवलात खणात, विंचू ठेवलाय." तिचं खरं होतं.

लग्न दहा दिवसांवर आलं. त्या बाजाराला आबा आले ते घावनं नको म्हणाले. पायरीवर बसले. उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला होता.

"पार्सल नाय आलं?" त्यांनी विचारलं.

मी लेथवरचा भुसा झटकायला लागलो.

"नाय तर राहू दे," ते म्हणाले. "ह्या महिन्यात हात जास्त हलाया लागलाय. काल पेला सुटला. लगनात ब्रश सुटला तर लोक हसतील. पण दत्ताच्या जागी मी एवढंच करू शकत होतो त्या पोराचं. बाकी लगीन तर ते पोरगं सोताच करतंय."

मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून सरळ खण उघडला, रुमाल काढला आणि ब्रश त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "आत्ताच आलं बघा."

पटाशांच्या खणात विमानाचं पार्सल कसं उतरलं हे आबांनी विचारलं नाही. त्यांनी केसांवरून अंगठा फिरवला. डोळे भरून आले त्यांचे. माझेही आले. मग म्हणाले, "जुने केस दे."

"कशाला?"

"बापाच्या फेट्याजवळ ठेवीन. पेटीत. साहेबाचे केस असले तरी चाळीस वर्सं बापाच्या गालावर फिरलेत."

मी आत डबा आणायला गेलो. सुमन डब्यापुढे उभी. तोंड पांढरं पडलेलं. तिने डोळ्यांनीच चुलीकडे दाखवलं. तवा होता, तेलाची वाटी होती, आणि वाटीत तेल पिऊन टुम्म झालेली आबांच्या बापाच्या ब्रशाची जुडी होती.

"तेल लावायची नारळाची शेंडी जळते तव्यावर," ती पुटपुटली. "तुमच्या डब्यातल्या सगळ्या जुड्या सोड्याच्या पाण्यात उकळून बघितल्या. हीच तेल धरते. दोन महिने हीच वापरतेय. मला काय माहीत कुणाची."

आमच्या घरात बॅजर ओळखणारी माणसं दोन निघाली. तिने तर माझ्यापेक्षा कडक परीक्षा घेतली होती. पण बाहेर म्हातारा हात पसरून बसलेला. तेलकट जुडी कशी देणार? मी डब्यातली हाताला लागली ती कोरडी जुडी उचलली, कागदात बांधली आणि दिली. ती गुरुजींची होती. आबांनी पुडी कपाळाला लावली. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

हळदीला आम्ही दोघं शेणव्याला गेलो. अंगणात मांडव, पाटावर रोशन, दाढी शाबूत, चेहरा बळीच्या बोकडाचा. माझ्याकडे त्याने असं बघितलं की मी खांबामागे झालो. बाजूला गावचे न्हावीदादा वस्तरा परजत उभे. समोर आबा, हातात वाटी आणि ब्रश. नवरीकडून हळद घेऊन आलेल्या बायका होत्या, त्यांच्या मागे स्कार्फ बांधलेली एक मुलगी मान उंच करून बघत होती. नवरीने त्या दिवशी तिथे यायचं नसतं. मी तिला ओळखलं नाही असं दाखवलं.

आता एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. आबांना सवय होती टकल्या ब्रशाची, त्याला फेस काढायला साबण भरपूर लागायचा. त्यांनी अर्धी साबणाची कांडी वाटीत किसली. त्यात माझी दाट जुडी. आणि त्यात आबांचा हात. फेस व्हायला ब्रश भराभर हलवावा लागतो. तो हात दुसऱ्या कशाला निरुपयोगी असेल, पण या कामाला देवाने नेमून दिलेला. बघता बघता फेस वाटीबाहेर आला, मनगटावर चढला, पाटावर सांडला. आबांनी ब्रश नातवाच्या गालाला लावला. थरथर थरथर करत तो दाढीवरून कानावर गेला, कानावरून कपाळावर, नाकावर. पोराचे फक्त डोळे उरले. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, पोरं फेस उडवत होती, आणि आबा मन लावून, जराही न हसता, ब्रश फिरवत होते. ब्रश सुटला नाही. मी बघत होतो. एकदाही सुटला नाही.

मग ते मागे सरले. न्हावीदादांनी वस्तरा उघडला. रोशनने डोळे मिटले.

"आता पूस," आबा म्हणाले.

"पूस म्हंजे?" फेसातून आवाज आला. "नि दाढी?"

"दाढी तुझी, तू बघ. मला फेस लावायचा होता. दत्ताला तर वस्तऱ्याची भीती वाटायची, त्याला नुसता लावला नि पुसला."

"आबा, हे आधी नाय सांगायचं?"

"तू इचारलंस कवा?"

मी खांबामागून बाहेर आलो आणि परत खांबामागे गेलो. दोन महिने मी एक पार्सल जगभर फिरवलं होतं, एका प्रश्नापायी, जो कोणी विचारला नाही. मीसुद्धा नाही.

रोशनने फेस पुसायला हात वर केला. मग त्याची नजर बायकांच्या मागे गेली. स्कार्फ त्यालाही ओळखता आला असावा. न्हावीदादांना म्हणाला, "काढा."

दाढी गेली. हनुवटी खरंच नव्हती हो. पोरगं उगाच घाबरलं नव्हतं. आबा पुढे झाले, थरथरता हात त्याच्या ओठाखाली लावला आणि म्हणाले, "दत्ताची." एवढंच म्हणून रडले. रोशनची आई आतल्या दाराशी उभी होती, तीही रडली. मागून स्कार्फवाली मुलगी मात्र खुदकन हसली आणि स्कूटी काढून पळाली. लग्न दुसऱ्या दिवशी वेळेवर लागलं. आठ दिवसांनी प्रणाली दुकानावरून जाताना थांबून सांगून गेली, "बघितली. चांगली हाय. आता दाढी परत वाढव म्हणलंय."

त्या लग्नाच्या जेवणात आबा माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, "पेटीतले केस रोज हुंगून बघतो. पण वास लागत नाय बापाचा." मी हातातली जिलबी परत पानात ठेवली.

तो महिना मी कसाबसा काढला. शेवटी सुमननेच ती तेलकट जुडी केळीच्या पानात बांधली आणि मला ओढत शेणव्याला नेलं. आबांसमोर पान उघडून तिने सगळं सांगून टाकलं. तवा, तेल, शेंडी, सोड्याचं पाणी. मी जमिनीकडे बघत होतो.

आबांनी पानातल्या जुडीकडे बघितलं, आतल्या पेटीकडे बघितलं. मग म्हणाले, "नि पेटीत कोण हाय?"

"डुक्कर," मी म्हटलं.

"बापाच्या फेट्यात डुक्कर निजवलंस रे." त्यांनी तेलकट जुडी उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटले. मग बोटांवर हिशेब केल्यासारखं करत म्हणाले, "म्हंजे मी आठ बाजार जी घावनं खाल्ली..."

"हो आबा," सुमन म्हणाली.

"तरीच. सुनेला सांगत होतो, ह्या मुरबाडच्या घावनाला आपल्या घरची चव कशी लागते."

त्यांनी जुडी परत पानात गुंडाळली. मला वाटलं पेटीत ठेवतील. पण ती त्यांनी सुमनच्या ओटीत दिली.

"पेटीत बसून काय करंल बाप," ते म्हणाले. "तव्यावर असू दे. बाजाराला येतो मी."